पॅरिसचा तह आणि ‘दगाबाज’ अमेरिका : पत्रव्यवहार काय सांगतो

अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाचा विषय निघाला की एक जुना दाखला हमखास पुढे केला जातो, आणि समाजमाध्यमांवर तो मराठीतूनही सतत फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा : फ्रान्सने पैसा, फौज आणि आरमार पुरवून अमेरिकेला स्वातंत्र्य मिळवून दिले, पण ३० नोव्हेंबर १७८२ रोजी बेंजामिन फ्रँकलिन, जॉन जे आणि जॉन अ‍ॅडम्स या अमेरिकी वकिलांनी, म्हणजे दूतांनी, फ्रान्सला ताकास तूर लागू न देता इंग्लंडशी परस्पर तह उरकला आणि दोस्तीचा करार मोडला, फ्रेंच परराष्ट्रमंत्र्याने संतापून खरमरीत पत्र लिहिले आणि मैत्री तिथेच संपली, युद्धखर्चात बुडालेल्या भोळ्या फ्रान्सच्या हाती धुपाटणे आले. यानंतर तात्पर्य येते ते असे, की ज्याने आपल्या पहिल्याच मित्राच्या पाठीत खंजीर खुपसला, त्याच्याकडून इतरांनी काय अपेक्षा ठेवावी?

आजच्या अमेरिकेवर कोणी किती विश्वास ठेवावा हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर अठराव्या शतकात शोधण्याचे कारण नाही. मात्र दाखला द्यायचाच असेल तर तो कागदपत्रांना धरून असावा. या वाटाघाटींतील खलिते, मसुदे, रोजनिशीतील टिपणे आणि काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या तेव्हाच्या मध्यवर्ती सभेच्या, सूचना हे सारे छापून प्रसिद्ध झालेले आहे. ते वाचल्यावर अमेरिकी वकिलांच्या वर्तनात दोष दिसत नाहीत असे मुळीच नाही. परंतु जे दोष दिसतात ते या मजकुरात सांगितलेले नव्हेत.

सुरुवात करार मोडल्याच्या आरोपापासून करू. करार म्हणजे ६ फेब्रुवारी १७७८ रोजी पॅरिसमध्ये झालेला दोस्तीचा तह. त्याचे ८ वे कलम सांगते की दोहोंपैकी कोणत्याही पक्षाने दुसऱ्याची रीतसर संमती आधी घेतल्याखेरीज ग्रेट ब्रिटनशी तह किंवा तात्पुरती युद्धबंदी करू नये, आणि अमेरिकेचे स्वातंत्र्य तहाने उघडपणे वा गर्भितपणे पक्के झाल्याशिवाय शस्त्रे खाली ठेवू नयेत. आता ३० नोव्हेंबरचा कागद पाहावा. तो तह नव्हे. तहात पुढे घालावयाच्या कलमांचा तो प्राथमिक मसुदा आहे, आणि त्याच्या प्रस्तावनेतच अट नोंदवलेली आहे की ग्रेट ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात तहाच्या अटी ठरेपर्यंत, आणि त्यानंतर ब्रिटनचा राजा तह करण्यास तयार होईपर्यंत, हा तह पूर्ण झाला असे मानले जाणार नाही. म्हणजे फ्रान्सला वगळून केलेला तह म्हणून ज्या कागदाकडे बोट दाखवले जाते, त्याच कागदाने आपली अंमलबजावणी फ्रान्सच्या तहाशी बांधून घेतली आहे.

हा कायदेपंडितांचा शब्दच्छल आहे, असा आक्षेप यावर घेता येईल. म्हणून पुढे प्रत्यक्षात काय घडले तेही पाहिले पाहिजे. २० जानेवारी १७८३ रोजी व्हर्साय येथे फ्रान्स आणि स्पेन यांनी इंग्लंडबरोबर आपापली प्राथमिक कलमे मान्य केली, आणि त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, फ्रँकलिन व अ‍ॅडम्स यांनी इंग्रज वकील फिट्झहर्बर्ट याच्याबरोबर युद्धबंदीच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तोवर कायद्याच्या दृष्टीने अमेरिका युद्धातच होती. अंतिम तहही ३ सप्टेंबर १७८३ या एकाच दिवशी झाले. अमेरिकेचा पॅरिसमध्ये, फ्रान्स-स्पेनचे व्हर्सायला. शिवाय ३० नोव्हेंबरच्या सह्यांमुळे रणांगणावरची कोणतीही अमेरिकी फौज माघारी फिरली नाही, कारण यॉर्कटाऊन येथील इंग्रज फौजेच्या शरणागतीनंतर, म्हणजे ऑक्टोबर १७८१ पासून, उत्तर अमेरिकेच्या भूमीवर मोठी लढाई उरलीच नव्हती. खुद्द रोशाम्बोची फ्रेंच फौज २४ डिसेंबर १७८२ रोजी बोस्टन बंदरातून जहाजांवर चढून वेस्ट इंडीजकडे निघून गेली, आणि पॅरिसमधील सह्यांची बातमी अमेरिकेत पोहोचली ती त्यानंतर मार्च महिन्यात.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. अमेरिकेच्या पदरात हवे ते पडले आहे, आता स्पेनला हव्या असलेल्या जिब्राल्टरसाठी किंवा वेस्ट इंडीजमधील साखरेच्या बेटांसाठी ती जीव तोडून लढणार नाही, हे इंग्लंडला ३० नोव्हेंबरनंतर कळून चुकले होते. इंग्रज पंतप्रधान शेल्बर्न याला हेच साधायचे होते. दोस्तांमध्ये अंतर पाडणे हा त्याच्या नीतीचा भाग होता, आणि कलमांत अट असली तरी अंतर पडले ते पडलेच. तेव्हा कराराच्या शब्दाला धक्का लागला नाही, पण कराराच्या वजनाला थोडा लागला, इतके म्हणणे न्याय्य ठरेल. यातून ‘करार मोडला’ हे विधान सिद्ध होत नाही, आणि पुढे ज्याचा उल्लेख येणार आहे त्या संतप्त पत्रात फ्रेंच मंत्र्यानेही तसे म्हटलेले नाही.

दुसरा आरोप गुप्ततेचा आहे. फ्रान्सला काहीच ठाऊक नव्हते, हे विधान वाटाघाटींच्या पहिल्याच आठवड्यात कोसळते. या वाटाघाटींची सुरुवात मोठी गमतीदार आहे. मार्च १७८२ मध्ये लॉर्ड चोमली नावाचा एक इंग्रज सरदार पॅरिसजवळच्या पासी गावी फ्रँकलिनला भेटला आणि लंडनला शेल्बर्नसाठी चिठ्ठी देणार असाल तर नेतो, असे म्हणाला. फ्रँकलिनने २२ मार्चला चार ओळी लिहून दिल्या. त्यांत शांततेविषयीची सदिच्छा होती आणि शेल्बर्नने मादाम एल्व्हेसियुस या फ्रँकलिनच्या शेजारणीला पाठवलेली गूजबेरीची झुडपे सुखरूप पोहोचल्याची पोच होती. चिठ्ठी लंडनला पोहोचेतो तिथले नॉर्थचे मंत्रिमंडळ गडगडले होते आणि शेल्बर्न मंत्री झाला होता. त्याने रिचर्ड ऑस्वल्ड या वयोवृद्ध स्कॉटिश व्यापाऱ्याला बोलणी करण्यासाठी पासीला धाडले. फ्रँकलिनने या पाहुण्याचे काय केले? १७ एप्रिलला त्याला स्वतःच्या बग्गीतून व्हर्सायला नेले आणि परराष्ट्रमंत्री कोंत द व्हेर्जेन यांच्यासमोर उभे केले. ज्याला लपूनछपून तह करायचा आहे तो मनुष्य शत्रूच्या दूताला दोस्ताच्या दिवाणखान्यात नेत नाही.

पुढे मे महिन्यात इंग्लंडचा दुसरा दूत ग्रेनव्हिल आला, तेव्हा अमेरिकेच्या वतीने फ्रान्सनेच बोलावे अशी खटपट झाली. त्यावर व्हेर्जेन यांनी जे उत्तर दिले ते फ्रँकलिनने आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवले आहे. त्याचा आशय असा : इंग्रजांना तुमच्याविषयी आमच्याशी बोलायचे आहे, राजा त्याला मान्यता देणार नाही, कारण ते तुमच्या राष्ट्राच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही, तुम्ही तुमचे बोला, आम्ही आमचे बोलू, सर्वांच्या सुरक्षिततेसाठी इतकेच हवे की तह बरोबरीने पुढे सरकावेत आणि सगळ्यांवर एकाच दिवशी सह्या व्हाव्यात. स्वतंत्र बोलणी ही अमेरिकेने चोरून काढलेली वाट नव्हती. ती फ्रेंच मंत्र्यानेच मोकळी करून दिली होती. आणि सह्यांच्या आदल्या दिवशी, २९ नोव्हेंबरला, फ्रँकलिनने पासीहून व्हेर्जेन यांना लेखी कळवले की ऑस्वल्डशी प्राथमिक कलमे ठरली आहेत आणि उद्या त्यांची प्रत आपल्याला देता येईल अशी आशा आहे.

मग गुप्तता अजिबात नव्हती काय? होती, आणि ती दोन्ही बाजूंनी होती. एप्रिलमध्येच फ्रँकलिनने ऑस्वल्डला एक टिपण वाचायला दिले होते, ज्यात खरा समेट हवा असेल तर इंग्लंडने कॅनडा अमेरिकेला देऊन टाकावा असे सुचवले होते, आणि त्या टिपणाविषयी तो व्हेर्जेन यांच्यापाशी अवाक्षर बोलला नाही. १० जुलैला त्याने ऑस्वल्डपुढे आपल्या मागण्यांची यादी वाचली : पूर्ण स्वातंत्र्य आणि सैन्याची माघार, सीमांची निश्चिती, कॅनडाच्या हद्दी पूर्वीच्या मर्यादेत आणणे आणि न्यूफाउंडलंडच्या समुद्रात मासेमारीचा हक्क या चार अत्यावश्यक, आणि नुकसानभरपाई, चुकीची कबुली, व्यापारात समान वागणूक व कॅनडा या चार ‘दिल्यास बरे’ अशा. पुढे तहात जे उतरले त्याचा सांगाडा त्या दिवशीच उभा राहिला होता.

यानंतर ऑगस्टमध्ये फ्रँकलिन मूतखड्याने अंथरुणाला खिळला आणि सूत्रे जॉन जेच्या हाती आली. जे नुकताच माद्रिदहून आला होता. तिथल्या दरबाराने त्याला सुमारे अडीच वर्षे ताटकळत ठेवून साधी राजदूत म्हणून मान्यताही दिली नव्हती, त्यामुळे बूर्बाँ घराण्याच्या दोन्ही राज्यांविषयी, म्हणजे स्पेन आणि फ्रान्सविषयी, त्याचे मन कडवट झालेले होते. ऑस्वल्डच्या अधिकारपत्रात ‘वसाहती’ असा उल्लेख होता. तेवढ्यावर अडून बसू नका, असा सल्ला व्हेर्जेन यांनी १० ऑगस्टच्या भेटीत दिला. जेने तो मानला नाही, ‘अमेरिकेची तेरा संयुक्त संस्थाने’ असा उल्लेख असलेले नवे अधिकारपत्र मागितले आणि २१ सप्टेंबरच्या तारखेचे मिळवलेही.

त्याच सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जे घडले त्यावर या साऱ्या वादाचा निकाल अवलंबून आहे, आणि फिरत्या मजकुरात नेमका तोच पंधरवडा गायब आहे. ६ सप्टेंबरला व्हेर्जेन यांचा विश्वासू सचिव रेनेव्हाल याने जेला एक टिपण दिले. मिसिसिपीपर्यंतचा मुलूख अमेरिकेला न देता मधल्या प्रदेशात स्पेनला सोयीची अशी रेषा आखावी, असा त्याचा रोख होता. दुसऱ्याच दिवशी हा रेनेव्हाल नाव बदलून गुपचूप इंग्लंडला रवाना झाला आणि शेल्बर्नच्या बोवुड येथील वाड्यावर जाऊन त्याला भेटला. पाठोपाठ, १० सप्टेंबरला, इंग्रजांनी वाटेत पकडलेले एक पत्र जेच्या हाती पोहोचवण्यात आले. ते फिलाडेल्फियातील फ्रेंच वकिलातीतून बार्बे-मारबुआ याने मार्चमध्ये लिहिलेले होते, आणि न्यूफाउंडलंडच्या मासेमारीवरचा अमेरिकेचा दावा फ्रान्सने उचलून धरू नये असे त्यात सुचवले होते. पत्र देणाऱ्या इंग्रजांचा हेतू निर्मळ नव्हता, हे सांगायला नको. पण पत्र खरे होते. जेने मग ११ सप्टेंबरला बेंजामिन व्हॉन या शेल्बर्नच्या विश्वासातल्या इंग्रजाला त्याच्याकडे पिटाळले आणि फ्रान्सच्या मध्यस्थीवाचून आपण थेट बोलू शकतो असा निरोप दिला. हे त्याने व्हेर्जेन यांना सांगितले नाहीच, पण शेजारी पासीत पडून असलेल्या फ्रँकलिनलाही सांगितले नाही.

जेचा संशय पूर्णपणे खरा होता असे मला वाटत नाही. रेनेव्हालच्या प्रवासाचा मुख्य विषय जिब्राल्टर आणि स्पेन हा होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा सौदा करायला तो गेला नव्हता. तथापि शेल्बर्नशी बोलताना अमेरिकेच्या मासेमारीच्या आणि सीमांच्या मागण्यांना आपल्या सरकारचा पाठिंबा नाही, हे त्याने लपवले नाही. दोस्ताच्या मागणीविरुद्ध शत्रूच्या घरी जाऊन मत देणे याला आपण काय म्हणू? आणखी मागे गेले तर १२ एप्रिल १७७९ चा आरांखुएसचा करार सापडतो. त्यात फ्रान्सने स्पेनला वचन दिले होते की जिब्राल्टर परत मिळेपर्यंत तह करणार नाही. या कराराला अमेरिकेची संमती नव्हती. तिला तो कळवलेलाही नव्हता. मात्र १७७८ च्या कराराने ती फ्रान्सशी बांधलेली असल्यामुळे, जिब्राल्टरच्या खडकासाठी अमेरिकेने बेमुदत युद्धात राहावे असा त्याचा परिणाम होत होता. एकतर्फी भोळेपणाच्या कथेत हे कुठे बसवायचे ते ती कथा सांगणाऱ्यांनीच ठरवावे.

येथे एक आरोप असा आहे जो मूळ मजकुरात नाही, पण असायला हवा होता. अमेरिकी वकिलांनी कराराचा भंग केला नाही. आपल्याच सरकारच्या आज्ञेचा मात्र सरळसरळ केला. १५ जून १७८१ च्या सूचनांत काँग्रेसने त्यांना बजावले होते की फ्रान्सच्या मंत्र्यांना सर्व बाबी मोकळेपणाने सांगाव्यात, त्यांच्या माहितीशिवाय व संमतीशिवाय तहाच्या बोलण्यांत काहीही करू नये, आणि अखेरीस त्यांच्याच सल्ल्याने चालावे. स्वतंत्र म्हणवणाऱ्या राष्ट्राने आपल्या वकिलांना दुसऱ्या राजाच्या मंत्र्याच्या ओंजळीने पाणी प्यायला लावावे, ही विलक्षण गोष्ट घडली त्यामागे फिलाडेल्फियातील फ्रेंच राजदूत ला ल्युझर्न याचे वजन होते. अ‍ॅडम्सला आणि जेला ही आज्ञा झोंबत होती. फ्रँकलिन मात्र ती पाळण्याच्या बाजूचा मानला जात असे. २६ ऑक्टोबरला अ‍ॅडम्स हॉलंडहून पॅरिसला पोहोचला आणि त्यानंतरच्या एका बैठकीत फ्रँकलिन जेकडे वळून म्हणाला की मला तुमचे मत पटते आणि या दरबाराला न विचारता या गृहस्थांशी मी बोलणी पुढे चालवीन. ही नोंद अ‍ॅडम्सच्या रोजनिशीत आहे, आणि फ्रँकलिनविषयी अ‍ॅडम्स चांगले लिहितो आहे म्हणजे ती विशेष विश्वासार्ह मानायला हरकत नाही.

आता त्या गाजलेल्या पत्राकडे येऊ. सह्या झाल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत व्हर्सायमध्ये कोणताही स्फोट झाला नाही. ४ डिसेंबरला व्हेर्जेन यांनी लंडनमधील रेनेव्हालला लिहिले की इंग्रज तह करत नसून तो विकत घेत आहेत आणि त्यांनी दिलेल्या सवलती आपल्या कल्पनेपलीकडच्या आहेत. या वाक्यात आश्चर्य आहे, किंचित हेवाही असेल; विश्वासघाताची तक्रार नाही. ठिणगी पडली ती १५ डिसेंबरला, आणि निमित्त होते एका जहाजाचे. ‘जनरल वॉशिंग्टन’ हे जहाज घेऊन कप्तान बार्नी निघण्याच्या तयारीत होता आणि त्याच्याबरोबर प्राथमिक कलमांची प्रत फिलाडेल्फियाला जाणार होती. जहाजाला इंग्लंडच्या राजाचा सुरक्षित प्रवासाचा परवाना मिळाला होता. हे व्हेर्जेन यांना कळवतानाच फ्रँकलिनने नव्या कर्जाची आठवण करून दिली आणि काही रक्कम याच जहाजातून पाठवता आली तर बरे, नाहीतर अद्याप काहीच मिळालेले नाही हे पाहून काँग्रेस हताश होईल, असे लिहिले. शत्रूचा परवाना आणि दोस्ताकडे पैशाची मागणी एकाच चिठ्ठीत! या म्हाताऱ्याच्या धिटाईला दाद द्यावी की कपाळाला हात लावावा, हे कळेनासे होते.

व्हेर्जेन यांनी त्याच दिवशी उत्तर दिले. तुमच्या व तुमच्या सहकाऱ्यांच्या वर्तनाचा अर्थ मला लागत नाही, असे ते लिहितात. राजाच्या सहभागाशिवाय काही करू नये अशी काँग्रेसची सूचना असताना तुम्ही आम्हाला काही न कळवता कलमे पक्की केलीत. आता आमच्या वाटाघाटी कुठवर आल्या आहेत याची चौकशीही न करता तुम्ही अमेरिकेला शांततेची खात्री देऊ पाहता. तुम्ही सुज्ञ आहात, औचित्य जाणता, जन्मभर आपली कर्तव्ये पार पाडत आला आहात. राजाविषयीची कर्तव्ये कशी पार पाडणार, याचा विचार करावा. पत्र कठोर आहे यात शंका नाही. पण त्यात कशाचा आधार घेतला आहे ते पाहावे. १७७८ च्या कराराचे ८ वे कलम त्यात नाही. आधार आहे तो काँग्रेसच्या सूचनांचा आणि औचित्याचा. व्हेर्जेन हे मुरलेले मुत्सद्दी होते. हाती करारभंगाचे अस्त्र असते तर ते म्यान ठेवून त्यांनी औचित्याची काठी उगारली नसती.

फ्रँकलिनचे १७ डिसेंबरचे उत्तर मुत्सद्देगिरीच्या पत्रलेखनात आदर्श म्हणून दाखवावे असे आहे. तो म्हणतो की फ्रान्सच्या हिताविरुद्ध एकही कलम मान्य केलेले नाही आणि तुमचा तह झाल्याखेरीज आमचा होणार नाही. आपल्याला आधी विचारले नाही हा शिष्टाचारातला प्रमाद झाला, हे तो कबूल करतो. राजाविषयीच्या अनादरातून तो घडलेला नसल्यामुळे क्षमा व्हावी, आणि इतके थोर कार्य आमच्या एका अविचारामुळे नासू नये, अशी विनंती करतो. राजाच्या उपकारांविषयी दोन कृतज्ञ वाक्ये झाल्यावर खरा घाव येतो. इंग्रज अशी मनाची समजूत करून घेत आहेत की त्यांनी आपल्यात फूट पाडली. म्हणून हा लहानसा गैरसमज आपल्यातच राहावा आणि त्यांचा अंदाज साफ चुकावा, अशी आशा तो व्यक्त करतो. क्षमायाचनेच्या पोटात इशारा आहे, की चारचौघांत रागावलात तर फायदा लंडनचा होईल. काँग्रेसच्या सूचनांच्या मुद्द्याला मात्र त्याने शिताफीने बगल दिली आहे, कारण त्यावर त्याच्यापाशी उत्तरच नव्हते.

मैत्री तिथेच संपली काय, याचा निर्णय हिशेबाच्या वहीत सापडतो. डिसेंबर संपण्याच्या आत फ्रान्सने ६० लाख लिव्हरचे (लिव्हर हे तेव्हाचे फ्रेंच चलन) नवे कर्ज मंजूर केले आणि त्यातले ६ लाख लिव्हर बार्नीच्या त्याच जहाजातून रवाना झाले. २५ फेब्रुवारी १७८३ रोजी त्या कर्जाचा करार फ्रँकलिन आणि व्हेर्जेन यांच्याच सह्यांनी झाला. फ्रँकलिनने २ कोटी मागितले होते, तेव्हा हात आखडला गेला असे म्हणता येईल. परंतु तिजोरीत खडखडाट असलेल्या राजाने पाठीत खंजीर खुपसणाऱ्याला पंधरवड्याच्या आत ६० लाख दिले, ही कल्पना पचायला जड आहे. व्हेर्जेन यांनी १९ डिसेंबरला ला ल्युझर्नला लिहिलेल्या पत्रात, आपण जे केले त्याची या लोकांकडून फारशी परतफेड होणार नाही, अशी कडवट भविष्यवाणी केली होती, हेही नोंदवले पाहिजे. ती बऱ्याच अंशी खरी ठरली, पण वेगळ्या कारणाने : १७८५ पासून अमेरिकेने या कर्जांचे व्याज थकवले आणि नवी राज्यघटना अमलात येईपर्यंत ते मार्गी लागले नाही.

फ्रान्सच्या हाती धुपाटणे आले आणि त्याचे दिवाळे अमेरिकेच्या या तहाने काढले, या विधानावर फार वेळ घालवण्याची आवश्यकता नाही. युद्धाचा फ्रान्सला आलेला खर्च १ अब्ज लिव्हरहून अधिक होता आणि त्याचा बहुतांश भाग स्वतःच्या आरमारावर, फौजेवर आणि त्यासाठी काढलेल्या महागड्या कर्जांवर झाला. अमेरिकेला दिलेली आणि हमी घेतलेली कर्जे मिळून साडेतीन कोटींच्या आत होती. यातला बहुतेक पैसा ३० नोव्हेंबरच्या आधीच खर्ची पडलेला होता. उलट व्हेर्जेन यांना १७८२ च्या अखेरीस तह तातडीने हवा होता, कारण पैसा संपत आला होता आणि क्रिमियाच्या बाजूला रशियाच्या हालचाली चिंताजनक होत्या. आडवे येत होते ते जिब्राल्टरचे वचन. सप्टेंबरमधला जिब्राल्टरवरचा मोठा हल्ला फसला होता. अमेरिका बाजूला होत असल्याचे दिसल्यावर स्पेनला नमते घेण्यास सांगणे फ्रान्सला सोपे गेले, आणि डिसेंबरच्या मध्यावर स्पेनचा राजदूत आरांदा याने जिब्राल्टरऐवजी मिनोर्का आणि दोन्ही फ्लोरिडा घेण्याची तयारी दाखवली. व्हेर्जेन मनातून अमेरिकी वकिलांचे आभारी होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण त्यांच्या अडचणीतून वाट निघाली ती या कलमांमुळेच, असे माझे मत आहे. फ्रान्सला टोबॅगो, सेनेगल, डंकर्कची तटबंदी करण्याचा हक्क आणि मासेमारीचे सुधारलेले हक्क मिळाले. युद्धाच्या मानाने ही कमाई तुटपुंजी होती, एवढे खरे.

‘भोळा फ्रान्स’ या विशेषणाचे उत्तर द्यायला पॅरिसपर्यंत जाण्याचीही गरज नाही. ते आपल्याकडेच मिळते. हेच युद्ध तेव्हा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर चालू होते. सुफ्राँचे फ्रेंच आरमार कोरोमंडलच्या समुद्रात इंग्रजांशी झुंजत होते, फ्रेंच तुकड्या हैदर अलीच्या आणि ७ डिसेंबर १७८२ रोजी तो वारल्यावर टिपूच्या बाजूने लढत होत्या. इंग्लंड-फ्रान्स तहाच्या १६ व्या कलमात ठरले की हिंदुस्थानातील दोन्हीकडच्या दोस्तांना या तहात सामील होण्यास सांगावे, त्यासाठी त्यांना ४ महिन्यांची मुदत द्यावी, आणि त्यांनी नकार दिल्यास त्यांना कसलीही मदत करू नये. टिपूला न विचारता टिपूचे भवितव्य युरोपात ठरले. बातमी जून १७८३ च्या अखेरीस कडलूरला येऊन थडकली आणि मंगळूरच्या वेढ्यात टिपूबरोबर असलेले फ्रेंच सैनिक वेढा अर्धवट सोडून बाजूला झाले. मार्च १७८४ मध्ये टिपूने मंगळूरचा तह केला तो एकट्याने. फ्रँकलिनच्या कलमांत निदान दोस्ताचा तह होईपर्यंत थांबण्याची अट होती. टिपूच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

मराठी वाचकाला तर हे प्रकरण अजिबात परके वाटू नये. १७८० साली नाना फडणवीसांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणले, आणि १७ मे १७८२ रोजी महादजी शिंदे यांच्यामार्फत सालबाईचा तह झाला. त्या तहात हैदरने कर्नाटकात जिंकलेला मुलूख सहा महिन्यांत सोडावा, असे पेशव्यांकडून कबूल करून घेण्यात आले होते, आणि त्या वेळी हैदर इंग्रजांशी लढतच होता. नानांनी तहाला मान्यता देण्यास कित्येक महिने चालढकल केली. ती मिळाली डिसेंबर १७८२ च्या उत्तरार्धात, हैदर वारल्यानंतर. सालबाईला राजकारण म्हणायचे आणि पॅरिसला दगा म्हणायचे, असे दोन तराजू ठेवता येणार नाहीत. युद्धातला दोस्त आणि तहातला दोस्त यांचे हित सहसा जुळत नाही, हे पुण्याच्या मुत्सद्द्यांना कोणी शिकवायला नको होते.

आरोपांपैकी खरोखर शिल्लक राहतो तो एकच, आणि तो गंभीर आहे. ३० नोव्हेंबरच्या कलमांना एक स्वतंत्र, गुप्त कलम जोडलेले होते. फ्लोरिडाची उत्तर सीमा मुख्य मसुद्यात ३१ व्या अक्षांशावर ठरली होती. पण युद्धाच्या अखेरीस पश्चिम फ्लोरिडा इंग्लंडच्या ताब्यात आला, तर ती सीमा आणखी उत्तरेला, याझू नदीच्या मुखापासून धरावी, असे त्यात होते. म्हणजे तो मुलूख स्पेनला मिळाला तर लहान आणि शत्रूला मिळाला तर मोठा! व्हेर्जेन यांना जी प्रत दिली गेली तिच्यात हे कलम नव्हते. मार्च १७८३ मध्ये कागद फिलाडेल्फियाला पोहोचल्यावर काँग्रेसमध्ये मोठी खळबळ उडाली. परराष्ट्र सचिव रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यांनी २५ मार्चला वकिलांना लिहिलेल्या पत्रात तहाच्या अटींचे कौतुक केले, परंतु सह्या होईपर्यंत फ्रान्सपासून त्या लपवल्याबद्दल आणि विशेषतः या कलमाबद्दल कानउघाडणी केली. वकिलांनी १८ जुलैला एकत्रित उत्तर पाठवले. सीमा, मासेमारी आणि इंग्लंडशी एकनिष्ठ राहिलेल्या वसाहतवाल्यांविषयीची कलमे या दरबाराच्या धोरणाशी जुळणारी नाहीत असे मानायला आम्हाला कारण होते, म्हणून सह्या होईपर्यंत ती दाखवली नाहीत आणि गुप्त कलम तर नंतरही दाखवले नाही, अशी स्पष्ट कबुली त्यात आहे. पश्चात्तापाचा मात्र मागमूस नाही. फ्लोरिडा स्पेनला गेल्यामुळे ते कलम आपोआप रद्दबातल ठरले आणि अंतिम तहात आले नाही. अमेरिकी वकिलांवर दोषारोप करायचाच असेल तर तो या कलमावरून करता येतो, आणि त्याचा फटका बसू शकला असता तो स्पेनला. फिरत्या मजकुरात या कलमाचा उल्लेखही नाही.